गच्चीवरच्या सोलर टाकीतून शॉवरला गरम पाणी: नळजोडणी पायरीपायरीने

गच्चीवरच्या सोलर टाकीत पाणी चटका बसेल इतके तापलेले असते, आणि तरीही खाली बाथरूममध्ये शॉवर सुरू केला की कधी कोमट धार लागते, कधी नुसते थंड पाणी येते, तर कधी अचानक अंग भाजेल असा फवारा अंगावर पडतो. सोलर बसवलेल्या पुष्कळ घरांत ही तक्रार असते आणि तिचा दोष बहुधा यंत्राच्या माथी मारला जातो. यंत्र चांगले असते; चूक नळजोडणीत असते. बादलीने अंघोळ करणाऱ्याला ती चूक जाणवत नाही, कारण कढत पाण्यात हवे तेवढे विसण घालायला त्याला सवड असते. शॉवरमध्ये हे विसण मिक्सरच्या आत, पाणी वाहत असतानाच घातले जाते, आणि ते नीट जमायचे असेल तर गरम आणि थंड पाणी मिक्सरपर्यंत सारख्याच जोराने आले पाहिजे. पुढे सांगितलेले बहुतेक सारे नियम या एकाच गरजेतून निघालेले आहेत.

हा लेख बंगला, रो-हाउस किंवा एक-दोन मजली घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. गच्चीवर उंचावर थंड पाण्याची टाकी, तिच्याखाली १५० ते २०० लिटरची, हवेची नळी उघडी असलेली सोलर टाकी, आणि खाली एक-दोन बाथरूम, अशी मांडणी गृहीत धरली आहे. काम प्लंबरच करणार असला तरी घरमालकाला त्यातले काय आणि का हे ठाऊक असावे, कारण फरशी बसल्यावर चूक सुधारायची म्हणजे भिंत फोडावी लागते.

पाइप घेण्यापूर्वी उंची मोजा

उघड्या नळीच्या सोलर टाकीला स्वतःचा दाब नसतो. शॉवरला मिळणारा सगळा जोर वरच्या थंड पाण्याच्या टाकीचा असतो, आणि सोलर टाकी ही त्या पाण्याच्या वाटेवरची एक खोली असते, एवढेच. त्यामुळे उंची मोजायची ती थंड टाकीच्या तळापासून शॉवरच्या जाळीपर्यंत. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे दर मीटरला ०.१ बार.

एक उदाहरण घेऊ. थंड टाकीचा तळ गच्चीपासून २.५ मीटर वर आहे, मजल्याची उंची ३ मीटर आहे आणि शॉवर फरशीपासून २.१ मीटरवर आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या शॉवरला ३.४ मीटर उंची मिळेल, म्हणजे ०.३४ बार, त्याखालच्या मजल्याला ६.४ मीटर, म्हणजे ०.६४ बार. हा आकडा कागदावर लिहून घ्या आणि तो घेऊनच दुकानात जा. शॉवर आणि मिक्सरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात किमान लागणारा दाब दिलेला असतो. मोठ्या तबकाचे, पावसासारखे पाणी पाडणारे शॉवर आणि एका दांडीचे कन्सील्ड डायव्हर्टर (भिंतीत दडवलेले, पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारे मिक्सर) यांना बहुधा अर्धा ते एक बार दाब लागतो. वरच्या मजल्यावर ते लावले तर पाण्याच्या नुसत्या लोंब्या गळतील. तिथे लहान तबकाचा साधा शॉवर आणि दोन चाव्यांचा जुन्या धाटणीचा वॉल मिक्सर पुष्कळ चांगले काम देतो, कारण त्याची आतली वाट मोठी असते. दिसायला तो तितका देखणा नसेल, पण कमी दाबाच्या घरात माझी पसंती त्यालाच आहे.

गच्चीवरची मांडणी

थंड टाकीचा तळ सोलर टाकीच्या माथ्यापेक्षा किमान एक फूट वर असला पाहिजे. तो तसा नसेल तर थंड टाकी निम्मी रिकामी होताच सोलर टाकी पुरती भरेनाशी होते, आणि गरम पाण्याचे तोंड माथ्याजवळ असल्यामुळे आत पाणी असूनही खाली थेंब उतरत नाही. बांधकाम चालू असेल तर विटांचा किंवा लोखंडी कोनांचा चौथरा एक-दोन फुटांनी वाढवून घ्या. पुढे कितीही पैसे खर्च केले तरी इतक्या स्वस्तात दाब वाढत नाही.

सोलरला जाणारा थंड पाण्याचा पाइप टाकीतून स्वतंत्र काढावा आणि वाटेत त्याला एकही फाटा देऊ नये. त्याच पाइपावर गच्चीतला नळ किंवा फ्लशची टाकी जोडली, आणि वरची टाकी रिकामी असताना तो नळ कुणी उघडला, तर सोलर टाकीतले पाणी उलटे त्या नळातून निघून जाऊ शकते.

आता एक बारीक गोष्ट, जी फार थोडे प्लंबर पाळतात. बाथरूमकडे जाणारा थंड पाण्याचा पाइपही याच टाकीतून घ्यायचा, पण त्याचे तोंड सोलरला जाणाऱ्या पाइपाच्या तोंडापेक्षा सुमारे ५० मिलिमीटर खाली ठेवायचे. आपल्याकडे एक दिवसाआड पाणी येणारी गावे आणि वस्त्या काही कमी नाहीत, आणि टाकी संपण्याची वेळ नेमकी सकाळी अंघोळीच्या धांदलीतच येते. दोन्ही तोंडे सारख्या उंचीवर असतील, किंवा थंडाचे वर असेल, तर आधी थंड पाणी बंद पडेल आणि शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसावर निव्वळ कढत पाणी पडेल. थंडाचे तोंड खाली असेल तर सोलरला होणारा पुरवठा आधी थांबतो, त्यामुळे गरम पाणी आधी बंद होते आणि माणूस फक्त गारठतो. टाकीला भोक पाडतानाच हे ठरवावे लागते. त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

हवेच्या नळीला कोणत्याही कारणाने कॉक लावायचा नाही, तिचे तोंड बंद करायचे नाही. पाणी तापले की फुगते: २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेले की त्याचे आकारमान सुमारे साडेतीन लिटरने वाढते. या वाढीव पाण्याला वाट हवीच. ती वाट म्हणजे थंड पुरवठ्याच्या पाइपातून मागे वरच्या टाकीत, आणि तिथे अडथळा आला तर हवेच्या नळीतून बाहेर. शिवाय पाणी तापताना त्यात विरघळलेली हवा सुटून बुडबुडे होतात. तेही याच नळीने वर निघून जायला हवेत, नाहीतर ते शॉवरच्या पाइपात शिरून धार तुटक करतात. म्हणून सोलरच्या गरम पाण्याच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून हवेची नळी सरळ वर न्यावी आणि शॉवरचा पाइप त्या टीपासून खाली उतरवावा.

नळीची उंची किती, याचा हिशोब असा. गरम पाणी थंडापेक्षा हलके असल्याने ते नळीत थंड टाकीतल्या पातळीपेक्षा थोडे वर चढून उभे राहते. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत माळ्यावर थंड पाण्याची टाकी आणि खाली तांब्याचा सिलिंडर अशीच मांडणी असते, आणि तिथे थंड पाण्याच्या पातळीच्या वर १५० मिलिमीटर, अधिक उंचीच्या दर मीटरला ४० मिलिमीटर, इतकी नळी चढवण्याचा प्रघात आहे. आपल्या गच्चीवर उंची दोन-अडीच मीटरच असते, तेव्हा थंड टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा एक फूट वर नळी गेली की पुरते. नळी पाऊण इंचीपेक्षा बारीक नसावी, आणि तिचे तोंड खाली वाकवलेले असावे, म्हणजे पक्ष्यांची घाण आणि पाने आत जाणार नाहीत.

थंड पुरवठ्याच्या पाइपात एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावावा की नाही, यावर प्लंबरांमध्ये दोन मते आहेत. गरम पाणी उलटे वर चढून थंड टाकी कोमट करू नये म्हणून तो लावतात. पण उघड्या नळीच्या टाकीत तो लावला की फुगलेल्या पाण्याची मागची वाट बंद होते आणि हवेची नळी रोज दुपारी ठिबकू लागते. त्यापेक्षा पुरवठ्याचा पाइप सोलर टाकीच्या तोंडाच्या खाली फूट-दीड फूट उतरवून, वळसा देऊन मग तोंडाला जोडावा. गरम पाणी हलके असल्याने आपण होऊन खाली उतरत नाही, त्यामुळे हा वळसाच त्याला अडवतो. कंपनीच्या पत्रकात एनआरव्ही सांगितलाच असेल तर तो लावा, पण मग नळीतून पडणारे पाणी गच्चीच्या पन्हाळीकडे नेण्याची सोय करा.

सोलरच्या दोन्ही तोंडांशी पितळी निपल, युनियन (पाइप न कापता सोडवता येणारा जोड) आणि पुरवठ्याच्या बाजूला पूर्ण वाटेचा बॉल व्हॉल्व्ह असावा. युनियन नसेल तर पुढे टाकी साफ करायला प्रत्येक वेळी पाइप कापावा लागेल.

पाइप कोणता आणि किती जाड

गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी किंवा पीपीआर या दोन प्लास्टिक पाइपांपैकी एक निवडावा. सीपीव्हीसी फिकट पिवळसर रंगाचा असतो, सोल्युशनने चिकटतो आणि त्याच्यावर आयएस १५७७८ हा मानक क्रमांक छापलेला असतो. त्यात एसडीआर ११ आणि एसडीआर १३.५ अशा दोन जाड्या मिळतात. आकडा लहान तितकी भिंत जाड, म्हणून गरम लाइनीला ११ चाच घ्यावा. पीपीआर यंत्राने सुमारे २६० अंशांवर तापवून एकमेकांत वितळवतात. तो जोड अतिशय पक्का होतो, पण करणारा हात सरावलेला हवा, कारण जास्त तापवले तर वितळलेली कड आत येऊन वाट अरुंद करते आणि ते बाहेरून दिसत नाही. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बोअरच्या पाण्याने आतून गंजतो आणि क्षारांनी भरत जातो, तेव्हा नव्या कामात तो टाळावा. थंड पाण्याचा साधा यूपीव्हीसी पाइप सोलरच्या गरम लाइनीला कधीही वापरू नये, कारण सुमारे ६० अंशांच्या पुढे तो मऊ पडतो आणि उन्हाळ्यात सोलरचे पाणी सहज त्यापुढे जाते.

कमी दाबाच्या घरात पाइपाची जाडी हा चैनीचा विषय नाही. अर्ध्या इंची सीपीव्हीसीतून मिनिटाला ८ लिटर पाणी न्यायचे तर दर मीटरला सुमारे १२-१३ सेंटिमीटर उंची नुसत्या घर्षणात खर्ची पडते. तेच पाणी पाऊण इंचीतून नेले तर जेमतेम २ सेंटिमीटर. म्हणजे दहा मीटर लांबीत अर्ध्या इंचीने सव्वा मीटर उंची खाल्ली, आणि वरच्या मजल्याला मिळून मिळणार होती ती ३.४ मीटर. त्यात प्रत्येक एल्बो (काटकोनी जोड) आपला वाटा घेतो तो वेगळाच. म्हणून थंड टाकी ते सोलर एक इंची, सोलर ते बाथरूम पाऊण इंची आणि मिक्सरच्या तोंडाशी शेवटच्या हातभर लांबीतच अर्धा इंची, असे प्रमाण ठेवावे. दोन बाथरूम एकाच लाइनीवर असतील तर पहिल्या फाट्यापर्यंत एक इंची न्यावा.

मग सगळीकडे एक इंचीच का नको, असे कुणी विचारेल. कारण पाइपात उभे असलेले पाणी थंड होते आणि गरम पाणी यायच्या आधी ते वाहून जावे लागते. पाऊण इंची पाइपात मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावते, एक इंचीत ०.४३ लिटर. पंधरा मीटर लांब लाइनीत पाऊण इंचीने प्रत्येक वेळी चार लिटर पाणी आधी सोडावे लागेल, एक इंचीने साडेसहा. लाइन लांब असेल तर तेवढे पाणी बादलीत धरून भांड्यांना किंवा झाडांना वापरावे.

मार्ग आखताना

सोलर टाकीपासून मिक्सरपर्यंत पाइपाला सतत खालच्या दिशेने ढाळ हवा. इथे जी चूक सर्रास होते ती कठड्यापाशी. प्लंबर गच्चीच्या जमिनीवरून पाइप आणतो, कठड्यावरून चढवतो आणि पलीकडे भिंतीवरून खाली सोडतो. कठड्यावरचा तो उंचवटा हवेचे घर बनतो. पाण्यातून सुटलेली हवा तिथे साचते आणि ज्या लाइनीला मुळात तीन-साडेतीन मीटरचाच जोर आहे ती लाइन तेवढ्या हवेने अडते. नळ उघडला की गुळगुळ आवाज येतो, थोडे पाणी येते आणि थांबते. कठड्याला कोअर कटिंगने आरपार भोक पाडून पाइप त्यातून न्यावा आणि भोवतीची फट जलरोधक गिलाव्याने नीट बुजवावी. काही कारणाने उंचवटा टाळताच येत नसेल तर त्याच्या माथ्यावर टी लावून आणखी एक उघडी हवेची नळी वर चढवावी.

उन्हात आणि उष्णतेने सीपीव्हीसी लांबतो. दहा मीटरचा सरळ पाइप ४० अंशांनी तापला की सुमारे अडीच सेंटिमीटर वाढतो. दोन्ही टोकांना तो घट्ट जखडला असेल तर ती वाढ एल्बोच्या जोडावर येते आणि वर्ष-दोन वर्षांत तिथून पाणी पाझरू लागते. लांब सरळ लाइनीत मध्ये एक चौकोनी वळसा द्यावा आणि क्लॅम्प असे लावावेत की पाइप त्यांतून सरकू शकेल.

उघड्यावरच्या सगळ्या गरम पाइपाला काळ्या नायट्रिल रबराचे वेष्टन घालावे. जोड, एल्बो आणि व्हॉल्व्ह उघडे ठेवू नयेत, कारण उष्णता तिथूनही तितकीच जाते. हे वेष्टन उन्हाने भुरभुरते, म्हणून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा ऊन सोसणारी टेप गुंडाळावी. भिंतीच्या आत जाणाऱ्या लाइनीलाही पातळ वेष्टन घालून मगच झिरी बुजवावी; पाइपाला त्यामुळे लांबायला जागा मिळते हा दुसरा फायदा.

जोड करताना

सीपीव्हीसीचा जोड सोपा असतो, आणि म्हणूनच तो घाईने केला जातो. पाइप कटरने काटकोनात कापावा. कापलेल्या तोंडाचा आतला आणि बाहेरचा कीस चाकूने किंवा कानशीने काढून टाकावा. तो आत राहिला तर पुढे मिक्सरच्या जाळीत जाऊन बसतो. मग सोल्युशन न लावता फिटिंग घालून पाहावे. पाइप कोरडाच फिटिंगच्या तळापर्यंत सहज जात असेल तर जोड सैल होणार; साधारण अर्ध्या ते दोन-तृतीयांश खोलीवर तो अडला पाहिजे. दोन्ही पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसून पाइपाच्या बाहेर भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ सोल्युशन लावावे, पाव फेरी फिरवत पाइप तळापर्यंत दाबावा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा. लगेच हात सोडला तर पाइप थोडा मागे सरकतो. कडेला सोल्युशनची अखंड बारीक रेघ उमटली तर जोड भरला असे समजावे. सोल्युशन सीपीव्हीसीचेच हवे, यूपीव्हीसीचे चालत नाही, आणि डब्यात घट्ट झालेले सोल्युशन पातळ करून वापरू नये.

जिथे पितळी आटे येतात तिथे पितळी आट्यांचेच ॲडॉप्टर वापरावेत. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी आणि पान्ह्याने गरजेपेक्षा जास्त आवळू नये. प्लास्टिकमध्ये बसवलेले पितळ जास्त पिळले की त्याच्याभोवती डोळ्यांना न दिसणारी चीर जाते.

बाथरूममध्ये

गरम डावीकडे आणि थंड उजवीकडे हा संकेत पाळावा. वॉल मिक्सरच्या दोन तोंडांमधले अंतर १५० मिलिमीटर असते आणि दोन्ही तोंडे एकाच पातळीत, भिंतीवरच्या टाइलच्या तयार पृष्ठभागाशी जुळतील अशी यावी लागतात. टाइल आणि तिच्याखालच्या मालाची जाडी आधी विचारून घ्यावी, नाहीतर तोंड आत राहते आणि मग जोडतुकडे लावत बसावे लागते. मिक्सर साधारण तीन ते साडेतीन फुटांवर आणि शॉवर सात फुटांवर असतो. घरात उंच माणसे असतील तर शॉवर वर घ्यावा, मात्र जेवढा वर घ्याल तेवढा दाब कमी होईल हे लक्षात असू द्या.

थंड पाणी थेट महापालिकेच्या नळाचे किंवा वेगळ्या पंपाचे असेल आणि गरम पाणी टाकीच्या उताराचे असेल, तर मिक्सरमध्ये काय होते ते पाहण्यासारखे आहे. दोन्ही चाव्या उघड्या आहेत आणि हँड शॉवरचा घोडा सोडून दिला आहे. पाण्याला बाहेर वाट नाही. जास्त दाबाचे थंड पाणी मिक्सरमधूनच गरम पाइपात शिरते, वर चढत सोलर टाकीत जाते आणि गच्चीवरच्या हवेच्या नळीतून ओसंडते. खाली कुणाला पत्ता लागत नाही. सोलर तापत नाही अशी तक्रार मात्र होते. यावर खरा उपाय एकच: थंड पाणीही त्याच टाकीतून आणावे. दोन्ही तोंडांच्या मागे एनआरव्ही लावले तर उलटा प्रवाह थांबतो, पण दाबातला फरक तसाच राहतो आणि गरम पाणी दबलेलेच राहते. कमी दाबाच्या लाइनीत एनआरव्ही लावायचाच असेल तर स्प्रिंगचा न घेता हलक्या पडद्याचा घ्यावा आणि तो आडव्या पाइपात बसवावा, कारण स्प्रिंग उघडायलाच बराच जोर खर्च होतो.

बाथरूमचा थंड पाइप टाकीपासून स्वतंत्र असेल तर सर्वांत उत्तम. तो फ्लशच्या टाकीशी सामाईक असला की कुणी फ्लश केल्याबरोबर शॉवरचे थंड पाणी कमी होते आणि अंगावर एकदम कढत पाणी येते.

फरशीआधी चाचणी

सोल्युशन वाळायला एक दिवस जाऊ द्यावा. मग सर्व तोंडांना प्लग लावून लाइन हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या किमान दीडपट दाबावर भरावी आणि काट्यावर लक्ष ठेवावे. सोलर टाकी या वेळी युनियनपाशी पूर्ण वेगळी केलेली असलीच पाहिजे. उघड्या नळीची टाकी असा दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते, ती फुगते किंवा शिवणीत फाटते. दाब काही तास टिकला की पाणी सोडून द्यावे, वरची थंड पाण्याची टाकी जोडावी आणि रात्रभर लाइन भरलेली ठेवून प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर उमटतो.

झिरी बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी लावून, फोटो काढून ठेवावेत. आरसा किंवा टॉवेलची दांडी लावणारा माणूस काही वर्षांनी ड्रिल घेऊन येतो तेव्हा हेच फोटो उपयोगी पडतात.

काचेच्या नळ्यांची सोलर टाकी पहिल्यांदा भरताना पहाट किंवा संध्याकाळ गाठावी. उन्हात रिकाम्या तापलेल्या नळ्यांत थंड पाणी गेले तर काच तडकते. पाणी भरल्यावर मिक्सरची जाळी काढून दोन्ही लाइनी काही मिनिटे वाहू द्याव्यात, म्हणजे कीस आणि वाळू निघून जाईल, आणि मगच शॉवर चढवावा.

दाब कमीच पडला तर

वरच्या मजल्यावर मोठा शॉवर हवाच असेल तर पंप लागतो, आणि पंपाच्या बाबतीत होणाऱ्या दोन चुका महाग पडतात. पहिली म्हणजे फक्त थंड लाइनीला पंप लावणे. त्याने वर सांगितलेला उलटा प्रवाह हमखास होतो. दुसरी म्हणजे उघड्या नळीच्या सोलर टाकीला पंपाने पाणी देणे. ते पाणी हवेच्या नळीतून गच्चीवर पडते, आणि ती नळी कुणी बंद केली तर टाकी फुटते.

मार्ग दोन आहेत. एक, सोलरच्या पुढे गरम लाइनीवर आणि बरोबरीने थंड लाइनीवर सारख्याच क्षमतेचे दोन पंप बसवणे. गरम बाजूचा पंप त्या तापमानाला चालणारा हवा आणि सोलरचा पुरवठा पाइप किमान एक इंची हवा, नाहीतर पंप हवेच्या नळीतून हवा ओढू लागतो. दोन, दाब सोसणारी सोलर टाकी घेणे, तिच्यावर सुरक्षा झडप आणि पाणी फुगण्याची सोय ठेवणे, आणि सबंध घराला एकाच पंपाने पाणी देणे. घर नवे बांधत असाल तर मी दुसरा मार्ग सुचवेन. जुन्या घरात एकाच बाथरूमसाठी एवढा व्याप करण्यापेक्षा टाकी उंचावून कमी दाबाचा शॉवर घेणे शहाणपणाचे.

पावसाळ्यासाठी गीझर

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर ऊन क्वचितच मिळते, आणि इतरत्रही ढगाळ दिवस असतातच. सोलर टाकीत बसवलेली २ किलोवॉटची कांडी हा उपाय कंपन्या देतात, पण हिशोब करून पाहावा: १५० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला तिला दोन तासांहून अधिक वेळ आणि सुमारे ४.४ युनिट लागतात. बाथरूममध्ये बसवलेला १५ लिटरचा २ किलोवॉटचा गीझर तेवढ्याच पाण्यापुरता विचार करतो. २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला त्याला वीसेक मिनिटे आणि ०.६ युनिट पुरते, आणि विसण घातल्यावर त्यातून एका माणसाची बेताची अंघोळ होते. म्हणून मला लहान गीझरच अधिक योग्य वाटतो.

सोलरची लाइन गीझरच्या आत जाणाऱ्या तोंडाला जोडली तर पाणी गरम असेल त्या दिवशी थर्मोस्टॅट वीज चालूच होऊ देत नाही आणि कोमट असेल त्या दिवशी उरलेलेच तापवतो. आत येणारे पाणी किती गरम चालेल हे त्या गीझरच्या पत्रकात पाहून घ्यावे, आणि भर उन्हाळ्यासाठी गीझर वगळून थेट मिक्सरला जाणारी वाट दोन बॉल व्हॉल्व्ह लावून ठेवावी. गीझरची सुरक्षा झडप ठिबकते म्हणून ती बंद करू नये; तिला बारीक नळी लावून ती मोरीच्या जाळीपर्यंत न्यावी. वीजजोडणीला १६ अँपिअरचा सॉकेट, पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

वापर आणि देखभाल

साठ अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत गंभीर भाजते आणि मार्च ते मे सोलरचे पाणी त्याहून कढत असते. घरात लहान मुले किंवा वृद्ध माणसे असतील तर तापमान ठरवून देणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवण्याचा खर्च जरूर करावा, फक्त त्याला लागणारा किमान दाब आपल्याकडे आहे ना ते आधी पाहावे. घरातल्या सर्वांना एक सवय लावावी: आधी थंडाची चावी उघडायची, मग गरमाची, आणि बंद करताना आधी गरमाची.

पाणी बरेच दिवस कोमटच राहिले तर त्यात लिजिओनेला जातीचे जंतू वाढू शकतात. शॉवरच्या बारीक तुषारांबरोबर ते श्वासात जातात. सलग ढगाळ दिवस गेले असतील किंवा घर बंद होते असे असेल, तर टाकीतले पाणी एकदा ६० अंशांपर्यंत तापू द्यावे आणि शॉवर सुरू करून, खिडकी उघडी ठेवून, काही मिनिटे बाहेर थांबावे.

सोलापूर, मराठवाडा आणि जिथे जिथे बोअरचे जड पाणी आहे तिथे शॉवरची भोके क्षारांनी बुजतात. जाळी काढून रात्रभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली आणि सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने घासली की ती मोकळी होते. टाकीच्या तळाशी साचलेला गाळ वर्षातून एकदा निचऱ्याच्या तोंडातून काढावा, आणि टाकीत मॅग्नेशियमची कांडी असेल तर त्याच वेळी ती बाहेर काढून पाहावी. ती झिजून बारीक झाली असेल तर लगेच बदलावी, कारण ती संपली की गंज टाकीच्या पत्र्याला धरतो.